काढलेली गाठ गेली कुठे?

“आवाळू होतं, काढून टाकलं.” बायकांच्या गप्पांमध्ये हे वाक्य इतकं सहज येतं, की पुढचा प्रश्न कुणी विचारतच नाही. काढलं ते बरंच झालं. पण काढलेलं गेलं कुठे? तपासायला पाठवलं का? त्यात काय निघालं? बहुतेकींना याचं उत्तर देता येत नाही. काहींनी तर ते कचऱ्याच्या बादलीत जाताना पाहिलेलं असतं!

मैत्रिणींनो, मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि भद्रावतीत काम करते. गावात मला सगळे ‘रक्त तपासणारी बाई’ म्हणतात. माझ्या टेबलावर मात्र रक्ताच्या नळ्यांइतक्याच महत्त्वाच्या असतात त्या बाटल्या. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठींचे, तुकड्यांचे नमुने त्यात असतात. आज लिहायचंय ते त्यातल्या एका दुर्लक्षित घराण्याबद्दल. कातडीतल्या केसांच्या मुळांमधून, तेलाच्या ग्रंथींमधून आणि घामाच्या ग्रंथींमधून उगवणाऱ्या गाठींबद्दल.

केसाचं मूळ, त्याला तेल पुरवणारी ग्रंथी आणि घामाची ग्रंथी यांना आम्ही त्वचेची उपांगं म्हणतो. यांतल्या प्रत्येकाला आपापल्या गाठी होतात, आणि त्यांची नावं अशी, की शिकताना आम्ही रडकुंडीला यायचो. सिरिंगोमा, पोरोमा, सिलिंड्रोमा, ट्रायकोएपिथेलिओमा… तुम्ही ती पाठ करायची गरज नाही. यातल्या बहुसंख्य गाठी अगदी साध्या असतात, जिवाला काही करत नाहीत. थोड्या कॅन्सरच्या निघतात. पंचाईत ही, की वरून बघून भल्याभल्या डॉक्टरांनाही दर वेळी सांगता येत नाही कोणती कुठली.

डोळ्यांखाली बारीक, कातडीच्याच रंगाच्या पुटकुळ्या असलेल्या कितीतरी जणी तुमच्या ओळखीत असतील. तो बहुधा सिरिंगोमा, घामाच्या नळीची गाठ. बायकांमध्येच जास्त. निरुपद्रवी. तसेच काहींना डोळ्यांभोवती पाण्याने भरल्यासारखे निळसर दाणे येतात, उन्हाळ्यात फुगतात, थंडीत बसतात. १८९३ साली रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने या दाण्यांचं वर्णन केलं, तेव्हा त्याच्याकडे आलेल्या बहुतेक बाया उष्ण, दमट जागी राबणाऱ्या होत्या. स्वयंपाकघरात, धुलाईच्या कामावर. आपल्या चंद्रपूरच्या मे महिन्यात चुलीपुढे बसणारीला हे वेगळं सांगायला नको! पण म्हणून घामाने किंवा घामोळ्यांनी गाठी होतात, कॅन्सर होतो, असं मात्र नाही. ती भीती काढून टाका.

डोक्यावरचं आवाळू म्हणजे बरेचदा केसाच्या मुळाची पिशवी. एकाच घरात आईला, मावशीला, मुलीला असं दिसतं. लहान मुलाच्या गालावर, मानेवर किंवा दंडावर खड्यासारखी टणक गाठ आली, की आई घाबरून अर्धी होते. ती पुष्कळदा केसाच्या मुळाचीच असते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात अशा पेशी दिसतात, ज्यांचा आकार तेवढा शिल्लक आहे आणि मधलं केंद्रक गायब. आम्ही त्यांना चक्क भूतपेशी म्हणतो. नाव भुताचं असलं तरी गाठ गरीब.

मूलकडची एक बाई आठवते. तळपायाला लालसर, ओलसर गाठ, रोवणीच्या दिवसांत चिखलात उभं राहिलं की रक्त यायचं. तिला सगळे ‘कुरूप’ म्हणायचे आणि ती ब्लेडने स्वतःच खरवडायची. तीन वर्षं! तपासल्यावर घामाच्या नळीची साधी गाठ निघाली, पोरोमा. पण हीच गाठ वर्षानुवर्षं राहिली तर क्वचित कॅन्सरकडे वळते. तिचं नशीब, वेळेत निघाली.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही काचेत बघून ओळखता तरी कसं? तर तो तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये मुरतो, मग मेणात बसतो आणि मग त्याचे मिलिमीटरच्या दोन-तीनशेव्या भागाइतके पातळ काप निघतात. त्यांना रंग देतात. त्यातला निळा-जांभळा रंग मेक्सिकोकडच्या एका झाडाच्या गाभ्यापासून मिळतो, याची मला अजूनही गंमत वाटते. केंद्रकं निळी, बाकीचं गुलाबी. साधी गाठ बघितली की कळतं, तिला कुंपण आहे. दोन्ही बाजू सारख्या, पेशी एकमेकींसारख्या, खाली कुठेही घुसखोरी नाही. कॅन्सरच्या गाठीला कुंपण नसतं. तिच्या पेशी वेड्यावाकड्या वाढतात, भराभर दुभंगतात, आजूबाजूच्या मांसात शिरतात, कधी नसेला धरून पुढे सरकतात.

पण हे दिसायला तुकडा पुरेसा खोल लागतो. घामाच्या नळीचा एक कॅन्सर असा लबाड आहे, की वरवरच्या भागात तो हुबेहूब सिरिंगोमासारखा दिसतो. त्याचं खरं रूप खालच्या थरात. वरचा पापुद्रा खरवडून पाठवला तर माझ्यासारखीही फसेल. डॉक्टर म्हणाले, “तुकडा थोडा खोल घ्यावा लागेल, एखादा टाका पडेल,” तर नाही म्हणू नका.

म्हणूनच मला राग येतो तो चुना-सोडा लावून गाठ जाळण्याचा. घोड्याचा केस बांधून मस पाडण्याचाही. आणि आता त्यात भर पडली आहे मशीनने ‘मस’ जाळून देणाऱ्या काही पार्लरांची. चेहरा दोन दिवसांत साफ. पण जळालेल्या गाठीत मी काय बघणार, राख? शिवाय मुळं आतच राहिलेली असतात.

“पण बाई, दुखत त नाही न, मग काहून कापायचं?” हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. इथे आपलं गणित साफ उलटं आहे. घामाच्या ग्रंथीची एक गाठ, स्पायराडेनोमा, हात लागला तरी कळ येते इतकी दुखते आणि बहुतेक वेळा ती साधी असते. उलट कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा अजिबात दुखत नाही. दुखण्यावरून पारख करायची नाही. पारख करायची ती वाढण्यावरून, रक्त येण्यावरून, न भरणाऱ्या जखमेवरून आणि काढल्यावर त्याच जागी परत येण्यावरून.

न भरणारी जखम म्हटली की शेजारच्या वर्ध्याची आठवण येते. वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनी इथल्या मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी २०२४ साली ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या ब्रिटिश नियतकालिकात दोन वयस्क बायकांची हकीकत छापली. कमरेला वर्षानुवर्षं घट्ट आवळलेली गाठ, त्या घर्षणाने काळी-पातळ झालेली कातडी, तिथे जखम आणि त्या जखमेत कॅन्सर. एक बाई ७० वर्षांची, तिची जखम १८ महिने भरत नव्हती. दुसरी चाळीस वर्षं लुगडं नेसणारी, तिची जखम दोन वर्षांची, आणि निदान झालं तेव्हा तो जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. हा कॅन्सर उपांगांचा नव्हे, कातडीच्या वरच्या थराचा. पण दोघींचंही निदान लागलं ते तुकडा तपासल्यावरच. नवलाची गोष्ट म्हणजे धोतराच्या गाठीखाली होणाऱ्या अशाच कॅन्सरबद्दल टाटा मेमोरियलच्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी १९४५ सालीच लिहून ठेवलं होतं. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक मानतात त्यांना. धोतराचं कळून इतकी वर्षं झाली, परकराच्या नाडीकडे लक्ष जायला एवढा वेळ लागला! नाडी सैल बांधा, जागा बदलत राहा, पट्टा रुंद शिवून घ्या. असो.

बाटलीकडे वळू. लहान गावात ऑपरेशन झालं, की नमुन्याची बाटली लॅबपर्यंत नेण्याचं काम बरेचदा घरच्याच माणसाकडे येतं. एसटीत मांडीवर ठेवून आणलेल्या बाटल्या मी पाहिल्या आहेत. कुणी साध्या पाण्यात आणतात, कुणी सलाईनमध्ये. उन्हाळ्यात तो तुकडा वाटेतच सडतो आणि मग जगातली कुठलीही लॅब काही सांगू शकत नाही. दहा टक्के फॉर्मलिन हवं, गाठीच्या साधारण दहापट. बाटलीचं तोंड रुंद हवं. गोळ्यांच्या अरुंद बाटलीत कोंबलेली गाठ फॉर्मलिनमध्ये टणक होते आणि बाहेरच येत नाही! बाटलीच्या झाकणावर नको, अंगावर नाव लिहा. झाकणं बदलतात.

सोबतच्या कागदावर वय, गाठीची जागा, किती दिवसांची, आधी कधी काढली होती का, हे असलंच पाहिजे. आणि एक गोष्ट बायका हमखास लपवतात, ती म्हणजे छातीचं जुनं ऑपरेशन. घामाच्या ग्रंथीचा कॅन्सर आणि कातडीत पसरलेला स्तनाचा कॅन्सर काचेखाली इतके सारखे दिसू शकतात, की ती माहिती नसेल तर माझी दिशाच चुकेल. काखेतल्या गाठीबाबत तर हे फारच महत्त्वाचं. लाजायचं कशाला, डॉक्टरपाशी?

आणखी एक. नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक टणक दाणे मुलीला वयात येताना सुरू झाले, आईलाही तसेच आहेत, तर त्या मुरमांच्या पुटकुळ्या नसतील. केसाच्या मुळाच्या या गाठी घराण्यातून येतात. आईकडून किंवा वडिलांकडून प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. संसर्ग नाही, शाप नाही. अशा मुलीला बघायला आलेल्यांनी ‘कोड तर नाही ना, महारोग तर नाही ना’ असं विचारल्याचं मी ऐकलंय. रिपोर्टचा कागद तिथे फार कामाला येतो.

सगळ्यात जपायची जागा सांगायची राहिली. पापणी. पापणीत तेलाच्या ग्रंथींची रांग असते. ती ग्रंथी तुंबली की रांजणवाडी होते, शेक दिला की बसते. पण वय पन्नाशी-साठीच्या पुढे, रांजणवाडी त्याच जागी पुन्हा पुन्हा, तिथल्या पापणीचे केस गळालेले, किंवा एकच डोळा महिनोन्‌महिने लाल आणि थेंबांना दाद देत नाही… तर तो तेलग्रंथीचा कॅन्सर असू शकतो. गोऱ्या लोकांच्या देशांत हा फार क्वचित दिसतो. आपल्याकडे मात्र पापणीच्या कॅन्सरमध्ये त्याचा वाटा मोठा आहे, आणि तो रांजणवाडीचंच सोंग घेऊन येतो.

गेल्या वर्षी एका काकूंच्या वरच्या पापणीचा तुकडा आला. रांजणवाडी म्हणून दोनदा चिरून झाली होती, दोन्ही वेळा आतलं काही तपासायला गेलं नव्हतं. तिसऱ्या वेळी सुनेने हट्ट धरला, “आत्याबाई, या खेपेला पाठवूच.” काचेखाली फेसाळ, तेलाने भरलेल्या पेशी होत्या, पण वेड्यावाकड्या, आणि वरच्या कातडीतही चढलेल्या. मी सुनेला स्लाइड आणि मेणाचे ठोकळे दोन्ही दिले. ते पेशंटला मागता येतात, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला लागतात, हे तिला माहीत नव्हतं. भांदक स्टेशनवरून गाडी धरून दोघी नागपूरला गेल्या. गाठ कडेच्या निरोगी भागासकट काढली, कडा तपासल्या, कानापुढच्या आणि मानेतल्या गाठी बघितल्या, त्या स्वच्छ होत्या. पापणी नवी करून बसवली. थोडी वाकडी दिसते, पण डोळा मिटतो. काकू आता दर तीन महिन्यांनी दाखवायला जातात. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.