अरण्याचे धडे : मारुती चितमपल्ली आणि आपले रान

दरवर्षी 5 ते 12 नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात 'पक्षी सप्ताह' म्हणून पाळला जातो. नाशिककरांची पावले या दिवसांत निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वरकडे वळतात. सप्ताहाच्या दोन टोकांना दोन जन्मदिवस आहेत. 12 नोव्हेंबर हा थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचा आणि 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा. सलीम अलींचे नाव शाळेच्या पुस्तकातून सर्वांना ठाऊक असते. चितमपल्लींचे जीवन मात्र आपल्यासारख्या, आदिवासी बांधवांमध्ये काम करणाऱ्यांनी मुद्दाम समजून घ्यावे असे आहे.

वनाधिकारी आणि विद्यार्थी

चितमपल्लींचा जन्म 5 नोव्हेंबर 1932 रोजी सोलापुरात झाला. कोईमतूरच्या वन महाविद्यालयात प्रशिक्षण घेऊन ते महाराष्ट्राच्या वनखात्यात रुजू झाले आणि 1990 साली निवृत्त झाले. कर्नाळा पक्षी अभयारण्य, नवेगाव राष्ट्रीय उद्यान, नागझिरा अभयारण्य आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्प यांच्या जडणघडणीत त्यांचा वाटा होता. निवृत्तीनंतरही त्यांचा अभ्यास आणि लेखन चालूच राहिले. 2025 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी 18 जून रोजी, वयाच्या 92व्या वर्षी, सोलापुरात त्यांचे निधन झाले. लोक त्यांना 'अरण्यऋषी' म्हणत.

अधिकाऱ्याच्या अंगावर गणवेश असतो, हाती कायदा असतो आणि जंगलातला माणूस त्याला बिचकून असतो. चितमपल्लींनी हे नाते उलटे केले. रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गोंड, ढीवर, पारधी अशा समाजांतील जाणत्यांकडे ते शिकायला बसले. नवेगावबांधला माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारखा रानाचा जाणकार त्यांना गुरू म्हणून लाभला. कोणता पक्षी कोणत्या झाडावर घरटे करतो, मासा पाण्यात कधी वर येतो, वाघ जवळ आहे हे वानराच्या कोणत्या आवाजावरून ओळखावे, ही विद्या वनखात्याच्या फायलींत नव्हती. ती माणसांच्या तोंडी होती आणि ती माणसे गेली की तीही जाणार होती.

नावे जपणे म्हणजे काय?

म्हणून त्यांनी ती लिहून ठेवली. 'पक्षीकोश' या त्यांच्या ग्रंथात पक्ष्यांच्या मराठी नावांबरोबर ठिकठिकाणची बोलीतली नावेही आहेत. जिथे मराठीत शब्द नव्हता तिथे त्यांनी तो घडवला. कावळे एकत्र घरटी करतात त्या जागेला 'काकागार', बगळे-करकोच्यांच्या विणीच्या वसाहतीला 'सारंगागार'. 'रानवाटा', 'रातवा', 'जंगलाचं देणं', 'चकवाचांदण' या पुस्तकांनी शहरातल्या वाचकाला रानाची ओळख करून दिली.

नावाने एवढे काय साधते, असे कोणी विचारील. ज्याला आपण नावाने ओळखत नाही, तो नाहीसा झाला तरी आपल्या लक्षात येत नाही. आज पेठ-सुरगाण्याकडच्या एखाद्या पाड्यावर म्हातारी आजी पन्नास झाडांची नावे आणि उपयोग सांगू शकते, आणि तिच्याच आश्रमशाळेत शिकणाऱ्या नातवाला त्यातली दहाही सांगता येत नाहीत. हे नुकसान कोणत्याही शिरगणतीत दिसत नाही.

प्राणी वाचतो तो त्याच्या घरामुळे

चितमपल्लींच्या कामातून शिकण्यासारखी दुसरी गोष्ट अशी, की एकटा प्राणी वाचवता येत नाही. त्याला खाणे, पाणी, विणीची जागा आणि निवांतपणा लागतो. यातले एक तुटले की बाकीचे असून उपयोग नाही.

नांदूर मधमेश्वर हे याचे जवळचे उदाहरण. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा बंधारा इंग्रजांच्या काळात बांधला गेला तो कालव्यांना पाणी देण्यासाठी, पक्ष्यांसाठी नव्हे. पण शंभर वर्षांत तिथे गाळ साचला, बेटे झाली, उथळ पाणी आणि पाणवनस्पती आल्या. पाण्यात चोच घालून फिरणारे चमचे, चिखलात टोचणारे शराटी, हिवाळ्यात हिमालयापलीकडून येणारी बदके, अशा सर्वांची सोय झाली. 1986 साली ते अभयारण्य झाले आणि पुढे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. पाणी फार चढले तर चिखलात चरणाऱ्यांचे अन्न बुडते, फार उतरले तर बदके उडून जातात. म्हणजे नाशिकच्या धरणांतून पाणी कधी आणि किती सोडले जाते, यावर या पाहुण्यांचा मुक्काम अवलंबून असतो.

दुसरे उदाहरण त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल भागाचे. गुरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई, त्यांचे मूत्रपिंड निकामी होई आणि ती मरत. देशभर गिधाडे झपाट्याने घटली. 2006 साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. हरसूलजवळ खोरीपाडा येथे वनखात्याने गिधाडांसाठी खाद्याची जागा राखली. तिथे मेलेली गुरे टाकली जातात. हे काम पाड्यांवरच्या लोकांच्या साथीशिवाय चालूच शकत नाही. मेलेले जनावर कुठे न्यायचे, हे शेवटी त्याचा मालक ठरवतो.

आपण काय करू शकतो?

रानातल्या माणसाला बाजूला सारून रान राखता येत नाही, हे चितमपल्लींच्या आयुष्याचे सार म्हणता येईल. पण त्याच माणसाच्या घरात चूल पेटायची असते, हेही विसरून चालणार नाही. सरपण, मोह, तेंदूपाने, मासे, खेकडे यांवर ज्याचे पोट आहे त्याला 'जंगल वाचवा' असे नुसते सांगणे सोपे आहे. त्याच्या ज्ञानाला मान आणि कष्टाला दाम मिळाला, तर रान राखणे त्याच्याही हिताचे होते.

वाचकहो, पाड्यांवर भेटीला जाल तेव्हा एक वही सोबत न्या. वडीलधाऱ्यांकडून झाडा-पाखरांची त्यांच्या बोलीतली नावे मुलांनाच लिहायला सांगा. ज्या मुलाच्या खिशात गलोल असते, त्याची नजर सर्वांत तीक्ष्ण असते. त्याला रागावण्याऐवजी आठवडाभर दिसलेल्या पाखरांची यादी करायला लावा. उन्हाळ्यापूर्वी वणव्याच्या धोक्याविषयी गावात बोला. आजारी जनावरावरचे औषध पशुवैद्यकाला विचारूनच देण्याचा आग्रह धरा.

यातल्या कशालाही मोठी देणगी लागत नाही. चितमपल्लींनीही सुरुवात अशीच केली होती. जाणत्या माणसाजवळ बसून त्याचे ऐकायचे आणि ऐकलेले लिहून ठेवायचे.