मूठफंड ते क्यूआर कोड

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी घरोघरच्या माउल्या मूठमूठ धान्य बाजूला काढून ठेवीत. तो मूठफंड महाराष्ट्राला सुपरिचित आहे. पुढे 1980 मध्ये इंग्लंडमध्ये ‘एड फॉर इंडिया’ ही संस्था सुरू झाली, तीच आजची करुणा ट्रस्ट. तिचे कार्यकर्ते दारोदार फिरून भारतातील वंचितांच्या शिक्षणासाठी नियमित देणगीचे वचन घेत. दोन्हीकडे रक्कम लहान होती, परंतु खंड नव्हता.

नव्या साधनांकडे याच दृष्टीने पाहावे लागते. केटो, मिलाप यांसारखी निधिसंकलनाची संकेतस्थळे शस्त्रक्रिया, पूर अशा आकस्मिक प्रसंगी उपयोगी पडतात. निवासी शाळेचा किराणा आणि स्वयंपाकिणीचा पगार मात्र दरमहा लागतो. त्यासाठी 2020 मध्ये सुरू झालेली यूपीआय ऑटोपे ही सोय अधिक मोलाची. एकदा संमती दिली की ठरलेली रक्कम आपोआप वळती होते. पाचशे माजी विद्यार्थ्यांनी महिना शंभर रुपये दिले, तर पन्नास हजार जमतात. अशा आवाहनाला संस्थेच्या पत्रापेक्षा जुन्या वर्गमित्राच्या व्हॉट्सॲप संदेशाने अधिक प्रतिसाद मिळतो. क्यूआर कोडवर पैसे भरण्यापूर्वी पडद्यावर संस्थेचेच नाव येते ना, व्यक्तीचे तर नाही, हे अवश्य पाहावे.

रांजणगाव आणि कुरकुंभ या औद्योगिक वसाहती आपल्याच शिरूर-दौंड परिसरात आहेत. कायद्याच्या निकषांत बसणाऱ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावे लागतात; मात्र तो निधी राबवू इच्छिणाऱ्या संस्थेची ‘सीएसआर-1’ नोंदणी हवी. परदेशस्थ माजी विद्यार्थ्यांविषयी बराच गैरसमज आढळतो. भारतीय पारपत्र असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी अंशदान ठरत नाही. परकीय नागरिकत्व घेतलेल्याची देणगी मात्र ठरते, आणि ती स्वीकारण्यास एफसीआरए परवानगी व दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खाते आवश्यक असते.

खरा प्रश्न छायाचित्रांचा आहे. रडवेल्या चेहऱ्याला पैसे लवकर मिळतात, हे समाजमाध्यमांवर वावरणारा कोणीही सांगेल. पण आज दहा वर्षांचा असलेला मुलगा उद्या नोकरीच्या मुलाखतीस जाईल, तेव्हा ‘निराधार’ अशा मथळ्याखालचे ते चित्र तसेच सापडेल. संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास बालन्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 ने मनाई आहे. कायदा नसता तरी ज्या समाजाला बाबासाहेबांनी स्वाभिमान शिकवला, त्याने आपल्या लेकरांची दैना प्रदर्शनास मांडणे शोभले नसते. छायाचित्र द्यायचेच, तर बांधून पूर्ण झालेल्या स्नानगृहाचे द्यावे आणि त्याखाली खर्चाचा आकडा लिहावा.