शेडची किल्ली कोणाकडे?

इचलकरंजीत अनेक खर्चीवाल्या यंत्रमागधारकांचे माग स्वतःचे, शेड मात्र दुसऱ्याची. शेडमालक ११ महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार पुढे करतो, आपला भाई न वाचता सही करतो आणि तीच शेड वर्षानुवर्षे चालवतो. मालक समजतो, भाडेकरूचा हक्क टळला. भाई समजतो, आपण पक्के भाडेकरू. मामला कोर्टात गेल्यावर न्यायाधीश काय पाहतात, ते आम्ही येथे देत आहोत.

आजही आधार दिला जातो तो सर्वोच्च न्यायालयाच्या १९५९ च्या 'असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध कपूर' या निकालाचा. दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलातील जागेत केशकर्तनाचा धंदा चालत होता. करारात शब्द परवान्याचेच होते. तरी न्या. सुब्बाराव यांनी व्यवहार भाडेपट्ट्याचा ठरवला. कसोटी अशी की, जागेत हक्क दिला की नुसती वापरायची मुभा? ताबा एकट्याचा असेल तर प्रथमदर्शनी तो भाडेकरू. मात्र परिस्थितीवरून उलटही सिद्ध करता येते. म्हणून किल्ली कोणाकडे, रात्री कुलूप कोण लावतो, मालक मनात येईल तेव्हा आत येतो का, पावतीवर काय लिहिले आहे, याला कराराच्या मथळ्यापेक्षा वजन असते.

राहत्या घराला एवढी सवड नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २४ प्रमाणे मालकाने ताबा मागितल्यास घराचा लेखी परवाना-करार हाच त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा ठरतो.

दुसरा प्रकार नाजूक आहे आणि त्यावर आपल्यात उघड बोलले जात नाही. कर्जासाठी घराचे खरेदीखत करून द्यायचे आणि त्याच दिवशी भाडेचिठ्ठीही लिहून द्यायची. म्हणजे व्याजाला भाडे हे नाव मिळते. १९५३ साली २,००० रुपयांसाठी असेच दोन कागद झाले होते. 'गंगाबाई विरुद्ध छबूबाई' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये ते खरेदीखत दिखाऊ ठरवले. लेखी अटी बदलायला तोंडी पुरावा चालत नाही. पण दस्त मुळात अमलात आणायचाच नव्हता, हे दाखवायला चालतो. मात्र कागद होऊन २८ वर्षे गेली होती! सुदाला भाडे म्हटल्याने तो हलाल होतो का, हे उलेमांनी सांगावे. कोर्ट नावाला भुलत नाही, एवढे आम्ही सांगू शकतो.

११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूतही चुकीची आहे. कलम ५५ प्रमाणे भाड्याचा वा परवान्याचा करार लेखी आणि नोंदलेला हवा, मग मुदत कितीही असो. जबाबदारी मालकाची. ती न पाळल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात. शिवाय मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. उधारीचा व्यवहार साक्षीदारांसमोर लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहेच.

ज्यांचे करार आधीच झाले आहेत, त्यांनी भाड्याच्या पावत्या आणि वीजबिले वर्षवार लावून ठेवावीत. भाडे रोख देत असाल तर पुढच्या महिन्यापासून चेकने द्या.