सामील व्हावे की वेगळे राहावे?

एकत्र कुटुंबातून वेगळे निघावयाचे ठरले म्हणजे भांडीकुंडी मोजण्यास एक दिवस पुरतो. विहिरीच्या पाण्याची आणि म्हाताऱ्या आईवडिलांच्या जबाबदारीची वाटणी मात्र वर्षानुवर्षे चालते. ब्रिटनने अलीकडे हा अनुभव घेतला. १ जानेवारी १९७३ रोजी तो देश युरोपीय राष्ट्रांच्या समूहात सामील झाला होता. २३ जून २०१६ रोजी तेथील मतदारांना विचारण्यात आले की, युरोपीय संघात राहावयाचे की बाहेर पडावयाचे? सुमारे १ कोटी ७४ लाख मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला, सुमारे १ कोटी ६१ लाखांनी राहण्याचा दिला. प्रश्न एका ओळीचा होता आणि उत्तर एका फुलीचे. परंतु त्या उत्तराचा अर्थ लावण्यात साडेतीन वर्षे गेली आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडला.

दूरच्या देशातील भांडण म्हणून या वादाकडे पाहण्याचे कारण नाही. नोकरीनिमित्त मी ज्या म्हैसूर शहरात राहतो, तेथे १९५३ ते १९५६ या काळात अगदी याच जातीचा वाद झाला. मात्र तो उलट दिशेने झाला. मोठ्या घरातून बाहेर पडावे काय, असा प्रश्न म्हैसूरपुढे नव्हता. मोठ्या घरात शिरावे काय, असा होता. सर्व कन्नड प्रदेशांचे मिळून एक राज्य होणार असेल, तर जुन्या म्हैसूरने आपले वेगळे अस्तित्व त्यात विसर्जित करावे काय?

हा प्रश्न म्हैसूरकरांना जड का गेला, हे समजण्यासाठी त्यांच्याजवळ काय होते ते पाहिले पाहिजे. १८८१ मध्ये येथे प्रजाप्रतिनिधी सभा स्थापन झाली. हिंदी संस्थानांत अशी सभा दुसरीकडे कोठे नव्हती. १९०२ मध्ये शिवनसमुद्राच्या धबधब्यावर निर्माण झालेली वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींस पोहोचली. १९११ मध्ये कृष्णराजसागर धरणाचे काम सुरू झाले, १९१६ मध्ये विद्यापीठ निघाले आणि १९२३ मध्ये भद्रावतीच्या भट्टीतून लोखंड बाहेर पडू लागले. श्रोत्यांच्या परिचयाचा ‘आकाशवाणी’ हा शब्दसुद्धा नभोवाणीस लाभला तो म्हैसुरातच. १९३५ मध्ये प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी येथे सुरू केलेल्या केंद्राचे ते नाव. अशा राज्यातील माणसाला आपल्या राज्याचा अभिमान वाटला, तर त्याला संकुचित म्हणणे अन्यायाचे होईल.

दुसऱ्या बाजूस कन्नड भाषकांची स्थिती काय होती? धारवाड, बेळगाव, विजापूर आणि उत्तर कानडा हे जिल्हे मुंबई राज्यात. गुलबर्गा, रायचूर आणि बीदर हैदराबादेत. दक्षिण कानडा मद्रासेकडे. आणि कूर्ग वेगळेच. यांतील प्रत्येक ठिकाणी कन्नड माणूस पाहुण्यासारखा राहत होता. धारवाडात १८९० मध्ये कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला, त्यामागे शाळा-कचेऱ्यांतून मराठीपुढे कन्नड मागे पडते, ही खंत होती. आपण मराठी माणसांनी ही गोष्ट मोकळ्या मनाने लक्षात घ्यावी. एकीकरणाची तहान उत्तरेकडील जिल्ह्यांना लागली होती. पाण्याने भरलेला हौद म्हैसूरच्या अंगणात होता. वाद पेटला तो या विषमतेतून.

म्हैसुरातील विरोधकांचे म्हणणे तीन प्रकारचे होते. पहिला आक्षेप हिशेबाचा. आपण काटकसरीने जमवलेले भांडवल मागासलेल्या जिल्ह्यांच्या रस्त्यांत, शाळांत व कालव्यांत खर्ची पडेल. या प्रदेशांची पाहणी करण्यासाठी म्हैसूर सरकारने एक समितीही नेमली होती आणि तिच्या अहवालाने ही शंका दूर होण्याऐवजी वाढली. दुसरा आक्षेप सत्तेचा. १९५१ च्या शिरगणतीप्रमाणे म्हैसूर राज्याची वस्ती सुमारे ९० लाख होती. नव्या राज्याची सुमारे १ कोटी ९० लाख होणार होती. म्हणजे जुना म्हैसूरकर आपल्याच विधानसभेत निम्म्याहून कमी ठरणार. शिवाय जुन्या राज्यात वोक्कलिग समाजाचे वजन अधिक होते, तर नव्या राज्यात लिंगायत समाजाचे होणार होते. तिसरा आक्षेप स्वत्वाचा. राजघराणे, दसरा आणि म्हैसूर हे नाव यांचे पुढे काय होणार?

ब्रिटनमधील वाद ज्यांनी वाचला आहे, त्यांना हे तिन्ही आक्षेप ओळखीचे वाटतील. तेथेही एका प्रचारगाडीवर लिहिले होते की, आपण दर आठवड्यास ३५ कोटी पौंड युरोपला पाठवतो. त्या आकड्यातून ब्रिटनला मिळणारी सूट आणि परत येणारा निधी वजा केलेला नव्हता. तेथेही कायदे कोणी करावयाचे हा सत्तेचा प्रश्न होता आणि आपण कोण हा स्वत्वाचाही होता. अडचण अशी की, मतपत्रिकेवर या तिन्ही प्रश्नांना मिळून एकच चौकट असते. पैशासाठी फुली मारणारा आणि अभिमानासाठी फुली मारणारा यांची मते एकाच पेटीत पडतात आणि मोजणाऱ्याला त्यांतील भेद कळत नाही.

म्हैसुरात मतपेटी आलीच नाही. यामागे घटनेचा मोठा भेद आहे. युरोपीय संघ हा सार्वभौम राष्ट्रांचा करार आहे आणि त्याच्या पन्नासाव्या कलमात बाहेर पडण्याची वाट लिहून ठेवली आहे. भारतीय संघराज्यातून घटक राज्याला बाहेर पडता येत नाही. उलट संविधानाच्या तिसऱ्या कलमान्वये संसद राज्यांच्या सीमा बदलू शकते. संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे लागते, परंतु ते संसदेवर बंधनकारक नसते. त्यामुळे येथील वाद सभांत, वृत्तपत्रांत व विधिमंडळात झाला. फाजल अली आयोगाने १९५५ च्या सप्टेंबरअखेर म्हैसूरसह एका कर्नाटक राज्याची शिफारस केली. म्हैसुरातही एकीकरणाला पाठिंबा देणारे होते. महाराजा कॉलेजातील प्राध्यापक व कवी कुवेंपू त्यांत होते. विशेष म्हणजे मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्या हेही त्यांत होते. ते स्वतः वोक्कलिग असून, आपल्या समाजाचे बळ घटेल हे दिसत असताना त्यांनी एकीकरणाची बाजू घेतली. ज्यांच्या कारकिर्दीत बंगळुरूचे विधानसौध उभे राहिले, त्यांना ऑगस्ट १९५६ मध्ये पद सोडावे लागले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे राज्य झाले, तेव्हा मुख्यमंत्री होते एस. निजलिंगप्पा.

आता त्या तीन आक्षेपांचे पुढे काय झाले ते पाहू. खरा बोध तेथे आहे. सत्तेविषयीची भीती खरी ठरली. १९५६ ते १९७१ या काळातील सर्व मुख्यमंत्री लिंगायत समाजाचे होते. स्वत्वाविषयीची भीती मात्र सावकाश विरली, कारण तिची काळजी घेण्यात आली. नव्या राज्यास म्हैसूर हेच नाव राहिले, राजधानी बंगळुरूच राहिली आणि पहिले राज्यपाल म्हणून महाराज जयचामराज वडियार यांचीच नेमणूक झाली. सतरा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९७३ रोजी, राज्याचे नाव कर्नाटक झाले, तेव्हाचे मुख्यमंत्री देवराज अर्स हे म्हैसूर जिल्ह्यातीलच होते. जे नाव हिरावून घेतले असते तर जखम झाली असती, ते म्हैसूरच्याच माणसाने खाली ठेवले.

आणि हिशेबाविषयीची भीती? ती चक्क उलटली. डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने २००२ मध्ये राज्यातील प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला. त्यात ३९ तालुके अत्यंत मागासलेले ठरले आणि त्यांपैकी २६ उत्तर कर्नाटकातले होते. म्हणजे दक्षिणेचा हौद उत्तरेने उपसला नाही. उत्तरेची तहानच पुरती भागली नाही. अखेर २०१२ मध्ये संसदेने हैदराबाद-कर्नाटक भागासाठी ३७१-जे हे खास कलम मंजूर केले. विदर्भ आणि मराठवाड्यातील श्रोत्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. १९५३ चा नागपूर करार आणि ३७१ व्या कलमातील विकास मंडळांची तरतूद यांचा इतिहास त्यांना ठाऊक आहे.

या वादात आणखी एक बाजू होती आणि तिला बोलण्यास जागाच नव्हती. म्हैसूरकरांनी सामील व्हावे की न व्हावे याचा खल चालू असता, बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार येथील मराठी माणसांच्या इच्छेचा प्रश्न त्या चर्चेच्या कडेला राहिला. चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात आला. महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालानेही समाधान झाले नाही आणि २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ब्रिटनमध्येही स्कॉटलंडने ६२ टक्के मतांनी राहण्याचा कौल दिला होता. तरीही त्याला बाहेर पडावे लागले. मोठ्यांच्या निर्णयात धाकट्यांची फरफट होते ती अशी.

याउलट गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी लोकांना थेट विचारण्यात आले. महाराष्ट्रात विलीन व्हावे असे १,३८,१७० मतदारांनी म्हटले; वेगळे राहावे असे १,७२,१९१ मतदारांनी. विलीनीकरणाचे पुरस्कर्ते दयानंद बांदोडकर हरले. परंतु त्याच वर्षी मार्चमध्ये झालेल्या निवडणुकीत गोमंतकीयांनी पुन्हा त्यांच्याच पक्षाला बहुमत दिले. विलीनीकरणाचा प्रश्न आणि कारभाराचा प्रश्न निरनिराळे आहेत, हे तेथील मतदाराने ओळखले होते. दोन्ही वेळा मत मागताना ते निरनिराळे विचारले गेले म्हणूनच त्याला तसे उत्तर देता आले.

तेव्हा असा वाद पुन्हा कोठे उभा राहिला, तर पक्ष घेण्यापूर्वी श्रोत्यांनी तीन गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्यात. पैशाचा आकडा निव्वळ आहे की ठोक? सत्तेत आपला वाटा घटणार असेल, तर त्याच्या बदल्यात कोणती लेखी हमी मिळते? आणि आपले म्हणून जे आहे, ते सोडण्यास आपल्याला किती अवधी दिला जातो? हौद कोणाचा हे एका दिवसात ठरवता येते. पाणी कोणाच्या शेतात पोहोचले, याची पाहणी मात्र दर पावसाळ्यानंतर करावी लागते आणि ते काम निर्णय घेणाऱ्या पिढीच्या मागून येणाऱ्यांवर पडते.