जठरव्रणाचा रक्तस्राव : भीती शस्त्रक्रियेची नको, उशिराची बाळगा

रक्ताची उलटी झाली की आजही काही घरांत आधी करणीची शंका येते, अंगारा शोधला जातो. शौचास डांबरासारखे काळे, चिकट झाले तर कुणी लक्षही देत नाही. ही दोन्ही लक्षणे जठरातील किंवा लहान आतड्याच्या तोंडाशी असलेल्या व्रणातून, म्हणजे अल्सरमधून, रक्त वाहत असल्याची असू शकतात. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते. पण सोबत चक्कर, थंड घाम किंवा छातीत धडधड असेल, तर ताबडतोब मोठे रुग्णालय गाठावे.

अल्सर तिखटाने आणि काळजीने होतो, असे आपण ऐकत आलो. ऑस्ट्रेलियातील डॉ. बॅरी मार्शल व डॉ. रॉबिन वॉरेन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू त्यामागे असल्याचे दाखवून दिले. १९८४ साली मार्शल यांनी हे जंतू स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरे मोठे कारण अंगदुखीच्या गोळ्या. दिवसभर राबून आलेली आपली माणसे त्या दुकानातून आणून रोज घेतात. जेवून घेतल्या तरी धोका पुरता टळत नाही.

पूर्वी अशा रुग्णाच्या जठराचा मोठा भाग कापून काढीत. आता प्रथम तोंडावाटे दुर्बीण घालून, इंजेक्शन, उष्णता किंवा चिमटा वापरून रक्त थांबवितात व आम्ल कमी करणारे औषध देतात. बहुतेकांना पोट उघडावे लागत नाही.

पुन्हा रक्त वाहू लागले तर? हाँगकाँगच्या डॉक्टरांनी अशा ९२ रुग्णांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध केला. ४८ जणांवर पुन्हा दुर्बिणीने उपचार झाले. त्यांतील ३५ जणांचा रक्तस्राव कायमचा थांबला, १३ जणांना शेवटी शस्त्रक्रिया लागली. या गटात ५ जण दगावले. थेट शस्त्रक्रियेसाठी निवडलेल्या ४४ जणांपैकी ८ दगावले. गुंतागुंत पहिल्या गटात ७ जणांना, दुसऱ्यात १६ जणांना झाली. म्हणून डॉक्टर आधी पुन्हा दुर्बीण वापरून पाहतात. मात्र व्रण मोठा असेल किंवा रक्तदाब घसरला असेल, तर दुर्बीण अपुरी पडण्याचा संभव वाढतो. तेव्हा पोट उघडून वाहती रक्तवाहिनी टाके घालून बांधणे, हाच जीव वाचविण्याचा मार्ग ठरू शकतो.

अशा वेळी “गावाहून थोरले येऊ द्यात, मग सही करू” असे म्हणून वेळ दवडू नये. धोका काय, न केल्यास काय होईल, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे आणि निर्णय घ्यावा.

रक्त थांबले म्हणजे आजार संपला नाही. जंतूची तपासणी करून घ्यावी. तो आढळल्यास औषधांचा क्रम पूर्ण करावा, नाहीतर व्रण पुन्हा होऊ शकतो. तंबाखू, विडी सोडावी. दारू न पिण्याची प्रतिज्ञा तर बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला आपल्याकडून घेतलीच आहे. हृदयविकाराची ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

बंधू-भगिनींनो, पारखून मग स्वीकारा, अशी तथागतांची शिकवण आहे. ती आजारपणातही पाळू या. आणि १४ एप्रिलच्या जयंतीला रक्तदान अवश्य करू या. अशा रुग्णाला रक्ताची बाटली वेळेवर मिळणे, हाही उपचारच आहे.