जुनी पिकअप घेताना : आधी आरसी वाचा, मग इंजिन ऐका



आमच्या जुन्नर भागात टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की नारायणगावच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर पिकअपची रांग लागते. भाडं वाचावं, हाताशी चार पैसे राहावेत म्हणून बरेच पालक जुनी पिकअप घ्यायचं ठरवतात. दोन वर्षांपूर्वी सहावीतल्या एका मुलाच्या वडिलांनीही घेतली. एजंट म्हणाला, "फायनान्सचं सगळं मिटलंय, कागद आठ दिवसांत देतो." त्यांनी दोन लाख साठ हजार रोख दिले. चार महिन्यांनी वसुलीवाले आले. आधीच्या मालकाने हप्ते थकवले होते. गाडी गेली, पैसेही गेले. मुलगा पंधरा दिवस शाळेत आला नाही, आईबरोबर मजुरीला जात होता.

नंतर मी त्या आरसीची झेरॉक्स पाहिली. कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव त्यावर स्पष्ट छापलेलं होतं. घरात ते इंग्रजी वाचू शकणारा एकच माणूस होता, तो माझ्या वर्गात बसत होता. पण आरसी कशी वाचायची हे आम्ही त्याला कधी शिकवलंच नव्हतं. म्हणून हा लेख.

१) गाडीचा सातबारा म्हणजे आरसी

सातबाऱ्यावर इतर हक्कात सोसायटीचा बोजा असतो, तसाच आरसीवर फायनान्सचा बोजा असतो. तिथे 'हायपोथिकेशन' असा शब्द आणि बँकेचं किंवा कंपनीचं नाव दिसतं. कर्ज फिटलं असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ देऊन तो बोजा उतरवावा लागतो. तो उतरलेला दिसेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये, थोडा विसार ठीक.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओचा ना हरकत दाखलाही लागतो. त्याशिवाय फिटनेस, विमा, पीयूसी, टॅक्स कधीपर्यंत आहेत आणि ई-चलान बाकी आहे का, हे पाहावं. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करावं लागतं. नंबर टाकून सरकारी वाहन पोर्टलवर बऱ्याच नोंदी पडताळता येतात. विक्रेत्याच्या मोबाईलवरचा फोटो म्हणजे पुरावा नव्हे.

शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर 'गाडी विकली' असं लिहून भागत नाही. नाव बदलेपर्यंत अपघात झाला तर जबाबदारी कोणाची? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मधल्या एका निकालात नोंदणीत ज्याचं नाव आहे त्यालाच मालक धरलं. म्हणजे नाव बदलून घेणं विकणाऱ्याच्याही हिताचं आहे. आणि विमा स्वतःच्या नावावर करायला विसरू नका.

२) नाण्याचा छाप, चेसीचा छाप

कागद नाण्यावर ठेवून पेन्सिल घासायचा खेळ मुलांना माहीत असतो. चेसी नंबरचा छापही तसाच घेतात. हा नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गोंधळतात. छाप आरसीशी एकेक अक्षर जुळवा. नंबरच्या आजूबाजूला घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा असतील तर तिथूनच मागे फिरा.

टायरवरही वाचण्यासारखं असतं. बाजूला चार आकडे असतात. २३२१ असेल तर टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालाय.

३) गाडीनं किती ओझं वाहिलं?

आरसीवर रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं वजन असतं. वजाबाकी केली की कायदेशीर भार कळतो. समजा तो १,२५० किलो आला. मालासकट एक क्रेट २२ किलोचा धरला तर ५६ क्रेट बसतात. त्यातच ड्रायव्हर आणि हमालाचं वजनही येतं. प्रत्यक्षात रस्त्यावर किती क्रेट दिसतात ते मुलांना मोजायला सांगा!

ज्यादा ओझ्याच्या खुणा गाडीच्या अंगावर राहतात. म्हणून खाली वाकून बघा : चेसीला तडा किंवा नवं वेल्डिंग, सपाट झालेले पाटे, एकाच बाजूने झिजलेले टायर. ओल्या भाजीमुळे आणि खतामुळे हौद्याचा पत्रा खालून गंजतो, वरून रंग मारलेला असतो.

इंजिन थंड असतानाच चालू करायला सांगा. आपण पोचायच्या आधी गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. निळा धूर सतत येत असेल तर ऑईल जळतंय. काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर इंजिनात पाणी जात असण्याची शक्यता. शेवटी आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला दाखवा, विक्रेत्याच्या नव्हे.

४) 'दहा टक्के' कोणते?

३ लाखांचं कर्ज, ३ वर्षं मुदत, व्याज 'फ्लॅट १० टक्के'. म्हणजे व्याज ९०,००० आणि हप्ता साधारण १०,८३३ रुपये. पण आपण दरमहा मुद्दलही फेडत असतो, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण ३ लाखांवरच लागतं. उरलेल्या मुद्दलावर १० टक्क्यांनी हिशेब केला तर हप्ता सुमारे ९,६८० येतो आणि एकूण व्याज ४९ हजारांच्या आत राहतं. फ्लॅटचे ते दहा टक्के खरे तर अठराच्या जवळ जातात. सरळव्याजाच्या पाठानंतर हे उदाहरण फळ्यावर जरूर घ्या.

वर्गासाठी उपक्रम

आरसीची एक झेरॉक्स घ्या, त्यावरचं नाव, पत्ता, नंबर झाकून टाका. मुलांना चार प्रश्न द्या : बोजा आहे का? फिटनेस कधी संपतंय? गाडी किती वर्षांची? भार किती? एका तासात इंग्रजी वाचन, तारखा आणि वजाबाकी तिन्ही होतात.

तो मुलगा आता आठवीत आहे. यंदा वडील पुन्हा गाडी बघायला गेले, तेव्हा त्याला बरोबर घेऊन गेले. आरसीवर बोजा नव्हता, इंजिनही चांगलं होतं. पण त्याने छाप घेतला आणि एक आकडा जुळेना. एजंट म्हणाला, "छपाईची चूक असेल." वडिलांनी मुलाकडे पाहिलं आणि दोघं परत आले.

गाडी अजून घेतलेली नाही. पैसे मात्र घरात आहेत आणि मुलगा रोज शाळेत येतोय.