कोटातला म्हातारा

बेळगावच्या चौकांना पुतळे जळताना बघायची सवय आहे. सीमाप्रश्न तापला की दोन्ही बाजूंनी पुतळे निघतात. पण ते घाईचे. बांबूच्या फुलीवर जुनी पँट-शर्ट, आत गवत, तोंडाच्या जागी पिशवी आणि छातीवर नावाचा पुठ्ठा. पुठ्ठा काढला तर तो पुतळा कुणाचाही. 31 डिसेंबरला कॅम्पात, म्हणजे छावणीच्या भागात, आणि गल्लोगल्ली दिसणारा ओल्ड मॅन याच मालाचा, पण त्याला पाटी लागत नाही. लांबून बघितलं तरी कळतं, की हे गृहस्थ दोन पेग लावून आलेत, बायको माहेरी गेलीय आणि पेन्शन अजून जमा व्हायचीय.

सरतं वर्ष म्हणजे म्हातारा. रात्री बाराला त्याला पेटवायचा, एवढीच मूळ गोष्ट. 1818 साली किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, पुढे छावणी वसली, तिच्याबरोबर चर्च आली आणि गोव्याकडची ख्रिस्ती कुटुंबंही. ओल्ड मॅनचं बिऱ्हाड याच वस्तीतलं. गोव्यातही वर्षअखेरीला पोरं रस्त्याकडेला असा म्हातारा बसवून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पैसे मागतात. फोर्ट कोचीत त्याचं नाव पापांजी. इक्वाडोरमध्ये तर पुरुष विधवेचं सोंग घेतात आणि मेलेल्या वर्षाच्या नावानं गळा काढत गाड्या अडवतात. आपल्या पोरांनी अजून तेवढी मजल मारलेली नाही, ती साध्या वर्गणीवर भागवतात. घरी मराठी बोला, कन्नड बोला नाहीतर उर्दू, बेळगावात नाव एकच, ओल्ड मॅन. ज्यांना करायला सवड नाही त्यांच्यासाठी कॅम्पात कारागीर तो तयार ठेवतात. उंची आणि थाटाप्रमाणे काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत.

माल कसला, तर पिंजर. डिसेंबर संपता संपता भाताची सुगी उरकत आलेली असते आणि पिंजराला तोटा नसतो. आधी पँटच्या पायांची तोंडं सुतळीनं आवळायची. मग पिंजर मूठमूठ आत सारायचं. पोटरी आणि मांडी ठासून, गुडघा मात्र मुद्दाम सैल, म्हणजे खुर्चीत बसवल्यावर पाय दुमडतो. बैठकीकडे दुर्लक्ष झालं तर म्हातारा खुर्चीला टेकून ठेवलेल्या फळीसारखा दिसतो. पोट शेवटी. शर्टाचं खालचं बटण लागू नये इतकं ते हवं. निम्मा स्वभाव त्या न लागलेल्या बटणात असतो. भरणी फार दाबून झाली तर आत हवा जात नाही आणि बाराच्या ठोक्याला जाळाऐवजी नुसता धूर निघतो. मंडळी डोळे चोळत घरी जातात. सैल झाली तर चौकात नेईपर्यंत पोट मांडीवर उतरतं. मान ताठ ठेवली की तो फोटोला बसलेला वाटतो. जरा खांद्याकडे कलती केली की पेंगायला लागतो. मग कोट, टाय, हॅट. पोटात फटाके भरायची हौस बऱ्याच जणांना असते. मला ती पटत नाही. इतकं खपून केलेला चेहरा पहिल्याच बाराला उडून जातो, शिवाय भोवती पोरं उभी असतात.

याचा थोरला भाऊ, म्हणजे बुजगावणं, निपाणीकडे रानात भेटतो. तंबाखूच्या पानाला पाखरू तोंड लावत नाही, त्यामुळे त्या रानात त्याला नोकरी नाही. शाळूच्या कणसात दाणा भरला की मात्र तो हजर. पाखरं काही दिवसांत त्याला ओळखतात आणि त्याच्याच डोक्यावर बसून हुरडा खातात. मग मालक त्याची जागा बदलतो, नाहीतर सदरा. बुजगावण्याच्या बाह्या रिकाम्या असतात, वाऱ्यानं हलाव्यात म्हणून. चेहऱ्याचं तर नावच नको, पाखरांना हालचाल पुरते. ओल्ड मॅनचं गिऱ्हाईक म्हणजे माणूस, आणि माणूस आधी तोंड बघतो.

गोव्यात दिवाळीच्या पहाटे जळणारा नरकासुर आकारानं याच्यापेक्षा थोर, पण तो भेसूर दिसला पाहिजे ही अट. दात, शिंगं, लाल डोळे घातले की काम झालं. ओल्ड मॅनवर कुणाचा राग नसतो. वर्ष वाईट नव्हतं, थकलं एवढंच. अशा माणसाचं तोंड काढणं जास्त अवघड, असं माझं मत.

म्हणून खरा वाद चेहऱ्यावरून. तयार मुखवटा बाजारात मिळतो आणि वेळ वाचतो, पण पुठ्ठ्यावर हातानं रंगवलेल्या चेहऱ्याची सर त्याला नाही. कापसाची दाढी दोघांनाही चालते. रंगवताना एक भुवई जरा वर गेली की म्हाताऱ्याला शेजाऱ्याचा संशय येतो. दोन्ही गेल्या तर दारात उधारीवाला उभा आहे असं वाटतं. ओठाच्या कोपऱ्यात न पेटवलेली विडी खोचावी, निपाणीची असली तर उत्तमच. डोळे सगळ्यांत कठीण. ते जमत नसतील तर गॉगल लावायचा, आणि दरवर्षी इतक्या म्हाताऱ्यांच्या नाकावर गॉगल दिसतो, तो बहुतेक याचमुळे.